पोटात वाढवणारी कोण?

माघ पौर्णिमेला आमच्या दरेकसा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. कचारगडच्या यात्रेला दूरदूरच्या राज्यांतून येणारे गोंड बांधव इथेच उतरतात. त्यांच्या कथेत दोन आया आहेत. कली कंकाली ही जन्म देणारी आणि रायताड जंगो ही त्या मुलांना सांभाळणारी. पुढे ती मुलं गुहेत कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, अशी श्रद्धा आहे. यात्रेत दोघींचंही नाव घेतात. एकीला मान दिला म्हणून दुसरीचा कमी होत नाही.

हे आठवलं ते नात्यातल्या एका मुलीच्या फोनमुळे. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिल्या बाळंतपणात बाळ गेलं आणि रक्तस्राव थांबेना म्हणून पिशवीही काढावी लागली. आता नागपूरचे डॉक्टर म्हणतात, तुम्हा दोघांचाच गर्भ तयार करून दुसऱ्या बाईच्या गर्भाशयात वाढवता येईल. सासू म्हणाली, बाहेरची कशाला, घरात जेठानी आहे की! मोहल्ल्यातल्या मौलानांनी ‘नाजायज’ एवढा एकच शब्द सांगितला. त्यांच्याच वळचणीला बसणाऱ्या लोकांनी तिच्या नवऱ्याला दुसऱ्या निकाहचा सल्ला देताना मात्र अजिबात वेळ घेतला नाही. ती मला म्हणाली, “खाला, तुम्ही वाचता, शिकवता. तुम्ही सांगा.”

मी मुफ्ती नाही. पण एका शब्दात संपणारा हा विषय नाही, एवढं नक्की सांगू शकते. मक्केच्या फिक्ह अकादमीने 1984 साली एक सवत दुसऱ्या सवतीसाठी गर्भ वाढवू शकते, असं मान्य केलं होतं आणि पुढच्याच वर्षी ते मागे घेतलं. 1986 साली अम्मानमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या बैठकीत सरोगसीच्या सगळ्याच प्रकारांना मनाई झाली. बहुतेक सुन्नी उलेमा आज तेच मानतात. इराणमध्ये मात्र अनेक शिया उलेमांनी परवानगी दिली आणि तिथे ही पद्धत चालते. म्हणजे विचार झालेला आहे, मतं बदललेली आहेत, मतभेदही आहेत. मौलानांनी एवढं तरी तिच्यासमोर मांडायला हवं होतं. मग तिने हवं तर मनाईच मान्य केली असती.

मनाईमागची मोठी चिंता नसबची, म्हणजे वंश सरमिसळ होण्याची. दुसरा आधार सूरह अल-मुजादिलहचा. बायकोला ‘तू मला आईसारखी’ म्हणून अधांतरी सोडायची अरबी प्रथा मोडताना तिथे आई म्हणजे जन्म देणारी, असं बजावलं आहे. उर्दूतला ‘वालिदा’ हा शब्दही जन्म देण्यावरूनच आला, आपल्या ‘जननी’सारखा. या हिशेबाने बाळाची आई जेठानी ठरते आणि जिचं बीज आहे ती माझी भाची कुणीच नाही.

आता आपल्या देशाचा कायदा बघा. 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेला सरोगसी कायदा बरोबर उलट सांगतो. मूल इच्छुक जोडप्याचंच, सगळे हक्क त्यांच्याकडूनच. गर्भ वाढवणारी बाई 25 ते 35 वयाची हवी, विवाहित हवी, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि हे काम तिने आयुष्यात एकदाच करायचं. तिला 36 महिन्यांचा विमा मिळतो. गर्भ आत सोडण्याआधी नकार द्यायचा हक्कही तिला आहे. पैसे मात्र द्यायचे नाहीत, खर्च तेवढा द्यायचा. व्यापारी सरोगसी चालवणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाळंत झाल्यावर कायद्याच्या लेखी तिचं बाळाशी नातं उरत नाही.

एका नियमात एक बाई पुसली जाते, दुसऱ्यात दुसरी.

2011 साली आमिर खान आणि किरण राव यांनी सरोगसीने झालेल्या मुलाची बातमी लपवून न ठेवता जाहीर केली, मौलाना आझादांच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं. मला ते आवडलं होतं. त्याच वर्षी समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय’ आला. विदर्भातल्या एका गरीब बाईने परदेशी जोडप्यासाठी वाढवलेल्या बाळाची ती गोष्ट. पुढे हिंदीत ‘मिमी’ झाला तो यावरूनच. तेव्हा असा कायदा नव्हता आणि गरीब बायकांच्या कुशीचा बाजार सर्रास चालत होता. तो बंद झाला हे बरं झालं. पण पैसे नाहीत म्हटल्यावर पुढे कोण येणार? 2019 च्या विधेयकातली जवळच्या नातेवाईक बाईची अट कायद्यात राहिली नाही. घराघरात ती आपोआप लागू झाली. बाजारातली बाई निदान किंमत तरी विचारायची. घरातल्या सुनेने काय विचारायचं?

मार्ग आपल्याच घरात आहे, असं मला वाटतं. इस्लाममध्ये रजाअत आहे, दुधाचं नातं. हलीमा सादियांनी प्रेषितांना (स.) दूध पाजलं आणि त्या आईच्या मानाला पोचल्या. दूध पाजणारीची मुलं त्या बाळाची भावंडं होतात, त्यांच्यात लग्न होत नाही. आमच्या विदर्भातल्या हनफींमध्ये एकदा पाजलं तरी नातं जडतं, कोकणातल्या शाफईंमध्ये पाच वेळा पाजावं लागतं. थोड्या दुधाने जर जन्माचं नातं जडत असेल, तर नऊ महिने स्वतःच्या रक्तावर वाढवणारीला आपण निदान तेवढं तरी देणार की नाही? उलेमांनी यावर बोलावं. ‘नाजायज’ म्हणून दार लावून घेतल्याने नागपूरचे दवाखाने बंद होत नाहीत; फक्त आपल्या पोरी लपूनछपून जातात.

दत्तकही घेता येतं. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मुसलमानांनाही तो हक्क असल्याचं सांगितलं. भाचीला मी हेही बोलले. ती गप्प राहिली. पिशवी गेलेल्या बाईला लगेच दत्तकाचा सल्ला देणं सोपं असतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

मग मी तिला एकच विचारलं, “जेठानीशी कोण बोललं?”

कुणीच नाही. सासूने ठरवलं होतं, डॉक्टरांनी वय विचारलं होतं, दोन मुलं आहेत म्हटल्यावर मान हलवली होती.

आठवड्याने तिचा पुन्हा फोन आला. ती जेठानीसोबत दोन तास बसली होती. जेठानी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, “बाळ झालं की पहिलं दूध मी पाजू ना? मग माझी पोरं त्याची भावंडं होतील. हे अम्मीला चालेल का, आधी विचारून घे.”

अम्मीने अजून उत्तर दिलेलं नाही.