लाल शाईचे शेरे

ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी अध्यापक विद्यालयात शिकते आहे, त्या घरात पाठ टाचणाची वही असतेच. सराव पाठाला उभे राहण्याआधी त्या वहीत प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, मूल्यमापन, गृहपाठ असे सगळे लिहून काढायचे. मग जवळच्या शाळेत वर्गावर जाऊन पाठ घ्यायचा आणि मागे बसलेल्या निरीक्षकांनी शेवटी शेरा मारायचा. या अभ्यासक्रमाला पूर्वी पी.टी.सी. म्हणत, पुढे डी.एड. झाले, आता डी.एल.एड. म्हणतात. नावे बदलली, शेरे राहिले.

शेतीच्या सदरात हे कशाला, असे काही वाचक विचारतील. आपल्या कऱ्हाटीत, बारामती-इंदापूरच्या जिरायत गावांतून, शेतीला जोड म्हणून मास्तरकीकडे कित्येक घरांनी पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण भागासाठी प्राथमिक शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या पोरांना ही वाट ठाऊक आहे. २०१३ पासून टीईटीची परीक्षा आली, ती वाट अरुंद झाली, तरी पोरे अजून त्या वाटेने जातात. आणि दुसरे म्हणजे, चार लोकांपुढे उभे राहून शिकवणे हा आम्हा विस्तार अधिकाऱ्यांचाही धंदा आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या पाठावरचा शेरा वाचताना माझे मन रमते.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात मी ज्वारीच्या बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो. काम आटोपल्यावर एका शेतकऱ्याने मला घरी नेले. चहा ठेवला आणि माझ्यापुढे मुलीची वही टाकली. म्हणाला, "सायेब, बघा की. समदी लाल केलीया. पोरीला जमंना दिसतंय मास्तरकी. दिवाळीनंतर स्थळंच बघावी म्हंतो."

मुलगी दाराआड उभी होती. तिने चौथीच्या वर्गावर बियाण्याच्या अंकुरणाचा पाठ घेतला होता. वहीत सहा-सात शेरे होते. 'आत्मविश्वास कमी.' 'विद्यार्थी सहभाग वाढवावा.' 'फलकलेखन करताना वर्गाकडे पाठ.' आणि सर्वांत शेवटी, थोड्या घाईच्या अक्षरात: 'बी रुजायला काय काय लागते, हे विचारून उत्तर स्वतःच दिले. मुलांच्या घरी हे घडते, त्यांना बोलू दिले नाही.'

मी त्या शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीचा माती परीक्षण अहवाल आणायला सांगितला. सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के, म्हणजे कमी. 'हे वाचून जमीन विकायला काढलीस का?' असे विचारले. तो म्हणाला, "न्हाई, त्या साली शेणखत वाढवलं." अहवालात आकडा होता म्हणून त्याला काय करायचे ते कळले. 'जमीन बरी नाही' एवढेच लिहिले असते, तर त्याने काय केले असते?

शेऱ्यांचेही तसेच असते. 'आत्मविश्वास कमी' हा शेरा माझ्या मते शेरा नव्हेच. तो वाचून मुलीने उद्या काय करायचे? ती घाबरेल आणि आत्मविश्वास आणखी कमी होईल. 'सहभाग वाढवावा' यात मार्ग दिसतो, पण धुक्यात. शेवटचा शेरा मात्र सोन्यासारखा. कोणत्या प्रश्नाला, काय झाले, काय राहिले, सगळे त्यात आहे. तो लिहिणारे गुरुजी मागच्या बाकावर बसून खरोखर ऐकत होते. वडिलांना सातही शेरे सारखेच लाल दिसले, आणि त्यातच घात होता.

मुलीला मी म्हटले, "बाळ, एवढा एकच शेरा घे. बाकीचे आता राहू दे." ती म्हणाली, "काका, पण प्रश्न विचारला की वर्ग गप्प बसतो. मग भीती वाटते, म्हणून मीच सांगून टाकते."

ही भीती तिची एकटीची नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद! उभ्या असलेल्या माणसाला ते तीन मिनिटांसारखे वाटतात. शेतकरी मेळाव्यात मी हे रोज पाहतो. प्रश्न विचारावा, तर माणसे काडीने माती उकरत बसतात. आपण गप्प राहिलो, की कोपऱ्यातला एखादा म्हातारा घसा खाकरतो आणि पुस्तकात नसलेले काहीतरी सांगून जातो.

शेऱ्यानंतर काय करायचे, याची एक रीतही आहे. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन सुरू केले. आपल्याकडे एन.सी.ई.आर.टी.ने त्याचा आपल्या परिस्थितीला जमेल असा आराखडा केला. एकच कौशल्य घ्यायचे, समजा प्रश्न विचारणे. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे शेरे, बारा मिनिटे फेरनियोजन, पुन्हा सहा मिनिटे तोच पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे शेरे. एकूण छत्तीस मिनिटे. यात एका वेळच्या शेऱ्यांना जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ विचाराला दिला आहे, हे मला फार आवडते. पुष्कळ ठिकाणी हा विधी वहीपुरता उरकतात, पाठ एकदाच होतो आणि पुन्हा शिकवण्याचा रकाना घरी बसून भरला जातो. तसे झाले, तर लाल शाई फुकट गेली म्हणायची.

या मुलीच्या गुरुजींनी तिला तोच विषय दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायला लावला. पुढच्या फेरीला गेलो, तेव्हा तिने हकीकत सांगितली. प्रश्न विचारून तिने मनात आकडे मोजले. वर्ग गप्प. मग शेवटच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आमची आजी मटकी फडक्यात बांधती." दुसरा म्हणाला, "आमचं बापू पेरणीच्या आधी गोणपाटात शंभर दाणं गुंडाळत्यात." आणि तिसऱ्याने सांगितले की पाण्यात बुडवून ठेवलेले हरभरे मोड न येताच कुजून गेले. ओल, ऊब आणि हवा, तिन्ही गोष्टी पोरांनी आपापल्या घरातून आणल्या. हवेचे तर तिच्या टाचणात एका ओळीपलीकडे काही नव्हते.

वहीत या वेळी दोनच ओळी होत्या: 'थांबलात, उत्तरे आली. संकलनाला वेळ उरला नाही.' वडील म्हणाले, "अजून लालच की." मी म्हटले, "लाल आहे, पण जुने नाही." स्थळांचा विषय तूर्त मागे पडला आहे, एवढे मला कळले.

ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी एक करावे. संध्याकाळी धारा काढून झाल्या की अंगणात दहा मिनिटे पाठ होऊ द्यावा. धाकटी भावंडे, शेजारची पोरे, आजी, कोणीही चालेल. मोठ्यांनी मध्ये उत्तरे देऊ नयेत. पाठ झाल्यावर 'छान झाला' किंवा 'जमला नाही' असे म्हणू नये. कुठे कळले नाही, तेवढी जागा सांगावी. मग तेवढीच जागा तिला पुन्हा शिकवू द्यावी, दुसऱ्या दिवशी नाही, लगेच.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी लिहीन.