समुद्राला शनिवार-रविवार कळत नाही

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांचं हवामानशास्त्र मोबाईलवरच्या दोन चित्रांत संपतं. सूर्य दिसला की बॅग भरायची, ढग दिसला की कुरकुर करायची. पण चार दिवसांत अंदमान नाहीतर लक्षद्वीप 'उरकायला' निघालेल्यांनो, ते चित्र आकाशाचं असतं हो, समुद्राचं नाही!

म्हणजे बघा, लाट तिथल्याच वाऱ्याने उठते असं काही नाही. खाली दक्षिण हिंदी महासागरात वादळ होतं आणि त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. वर छान ऊन, वारा नाही, आणि पाणी मात्र खवळलेलं. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात पाच वैद्यकीय विद्यार्थी अशाच लाटांत गेले. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेने इशारा दिलेला होता.

डिसेंबर २०१६ मध्ये अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) हजाराहून जास्त पर्यटक अडकले. बोटी बंद, शेवटी नौदलाची जहाजं गेली. पुढे त्याच हवामानातून 'वरदा' चक्रीवादळ झालं आणि १२ डिसेंबरला चेन्नईवर धडकलं.

"अरे, पण सुट्टी मिळत नाही, पैसे आधीच भरलेत..." मान्य. पण मग आपण बोटवाल्याच्या मागे लागतो, "दादा, चला ना, काही होत नाही." त्याला पोट आहे, तो कधीतरी हो म्हणतो. धोका मात्र बोटीतल्या सगळ्यांचा.

मी मोहाडीचा. भंडारा जिल्ह्यातून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही. पण बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन इकडे सरकला की आमच्या धानाला पाणी मिळतं. परहे तयार असले तरी बांधीत पाणी साचेपर्यंत रोवणी थांबते. 'या शनिवारी झालीच पाहिजे' असं तिथे कोणी म्हणत नाही. हेच शहाणपण पुण्यात येऊन आपण विसरतो.

तेव्हा पुढच्या विकांताला एवढंच करा. पावसाच्या टक्क्यांबरोबर इन्कॉइसचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशाराही बघा. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि बोटवाला "आज नाही" म्हणाला, तर हुज्जत न घालता त्याच्यासोबत चहा प्या. बेट कुठे पळून जात नाही!