औषध तयार झाले, पोहोचले काय?

मे २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून वाचलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीच्या आजाराने गाठले होते आणि त्यावरील अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी आप्तस्वकीय गावोगाव वणवण करीत होते. अशा वेळी वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. रेमडेसिविरचे उत्पादनही तेथे त्याच महिन्यात सुरू झाले होते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने परवान्यांचा मार्ग मोकळा झाला. सुमारे ७००० रुपयांना मिळणारी बुरशीवरील कुपी १२०० रुपयांत देण्याचे जाहीर झाले. ज्या वर्ध्याने १९३४ नंतर मगनवाडीत ग्रामोद्योगांचा प्रयोग पाहिला, त्याच वर्ध्याने स्वावलंबनाचे हे नवे उदाहरण घालून दिले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु त्या दिवसांचा धडा एवढाच नाही. औषध कोठे किती पडून आहे आणि कोठे मुळीच नाही, हे कोणालाच वेळेवर कळत नव्हते. म्हणून राज्यनिहाय वाटप केंद्राला आणि जिल्ह्यातील वितरण जिल्हाधिकाऱ्यांना हाती घ्यावे लागले. संकटकाळी अशी धावपळ खपून जाते. रोजच्या व्यवहाराला मात्र व्यवस्थाच लागते.

आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतील एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणावे. खरिपाच्या पेरणीबरोबर सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. पावसाळा स्थिरावला की ताप आणि हगवण येते. औषधांची मागणी मात्र गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून पाठविली, तर एक औषध मुदतबाह्य होऊन पडते आणि दुसरे ऐन गरजेला संपते. त्यातच वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. इन्सुलिन व ऑक्सिटोसिन यांना तर २ ते ८ अंशांचा शीतकोष लागतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या वाहनात राहिलेले औषध नोंदवहीत शिल्लक दिसते. त्याचा गुण उरला आहे की नाही, हे ती नोंदवही सांगत नाही.

साखळीत डोळस तपासणी नसेल तर काय घडते, हे शेजारच्या नागपूर जिल्ह्याने पाहिले. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातील सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे २०२३ मध्ये तपासणीत उघड झाले. नमुना घेणे आणि अहवाल येणे यांत महिने गेले. तोवर त्या गोळ्या कोणी गिळल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

उपाय अज्ञात नाहीत. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापले. तेथे जिल्हा गोदामात आलेल्या प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाल्यावरच औषध रुग्णालयाकडे जाते, आणि रुग्णालय आपल्या खातेपुस्तकातील रकमेच्या मर्यादेत गरजेनुसार औषध उचलते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. यंत्रणेचे नाव पालटले म्हणून गोदाम थंड होत नाही. खरी कसोटी शेवटच्या केंद्रातील कपाटात आहे.

येथे समाजाचेही कर्तव्य आहे. रुग्ण कल्याण समित्यांत आपल्यापैकी अनेकजण बसतात. इमारतीच्या रंगरंगोटीची चर्चा जरूर करावी. पण दरमहा तीन प्रश्नही विचारावेत. कोणते औषध किती दिवस नव्हते? किती मुदतबाह्य झाले? शीतकोषाच्या तापमानाची नोंद कोण ठेवतो? औषध निर्माण अधिकाऱ्याला दोषी ठरविण्यासाठी हे प्रश्न नाहीत. त्याने मागितलेला साठा वेळेवर मिळावा म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठी ते आहेत.

वर्ध्यात कुपी भरली गेली, हे सामर्थ्य आहे. तीच कुपी आष्टीच्या रुग्णाला योग्य वेळी आणि गुणासह मिळेल, तेव्हाच त्या सामर्थ्याला सेवेचे रूप येईल.