धागा तुटला, पण पकड कळली नाही

गेल्या महिन्यात माझा भाचा आला तो उड्या मारतच. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मावशी, प्रोजेक्ट फत्ते! घायपाताचा धागा प्लास्टिकात असा बसलाय, की ओढला तर तुटतो, पण सुटत नाही!"

घायपात म्हणजे शेताच्या बांधावर दिसणारं तेच काटेरी पानांचं झुडूप. त्याचा वाख काढून आमचे आजोबा जनावरांची दावी वळायचे. आता असा वाख प्लास्टिकात घालून मोटारीच्या दाराचे आतले भाग बनवतात. कल्पना तशी जुनीच. पूर्व जर्मनीत १९५७ पासून निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाहेरचे भागही कापसाचे तंतू आणि राळेसारखं कृत्रिम रेझिन दाबून केलेले असत.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. जुनी खोड जात नाही. विचारलं, "धागा प्लास्टिकात किती आत होता?"

"चांगला एक सेंटिमीटर. घट्ट बसावा म्हणून."

इथंच मेख होती. मी कागद ओढला. धागा ०.२ मिलिमीटर जाडीचा, साधारण १५ न्यूटनला, म्हणजे दीड किलोच्या ओढीला तुटणारा. प्लास्टिकची पकड मात्र आत गेलेल्या लांबीबरोबर वाढत जाते. लांबी जास्त ठेवली, की पकड कच्ची असली तरी धागाच आधी तुटतो. मग परीक्षा झाली ती धाग्याची. पकडीची झालीच नाही!

पोराचा चेहरा उतरला. अहवाल चार दिवसांत द्यायचा होता. "सर विचारणार नाहीत गं," तो म्हणाला. मी म्हटलं, "सर नाही विचारणार. पण उद्या त्या पत्र्यावर कुणी भार टाकला, तर तो विचारेल."

रुसून गेला, पण गेला प्रयोगशाळेतच. या वेळी धागा एकच मिलिमीटर आत ठेवला. तीन न्यूटनला अलगद बाहेर! धाग्याच्या चिकटलेल्या पृष्ठभागानं, म्हणजे ०.६३ चौरस मिलिमीटरनं भागलं, की पकड निघते प्रति चौरस मिलिमीटर ४.८ न्यूटनच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली धागा कोरा करकरीत, प्लास्टिकचा कणही नाही.

कारण सोपं आहे. वनस्पतीच्या धाग्याला पाणी प्रिय, तर पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचं वावडं. तेल-पाण्यासारखीच गत. म्हणून धागे कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून, स्वच्छ धुऊन वाळवतात. वरचं मेण जातं, अंग खरबरीत होतं. सोडा जास्त झाला, तर धागाच कमजोर होतो. शिवाय मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलीन मिसळतात. त्याचं एक टोक धाग्याला धरतं, दुसरं प्लास्टिकात मुरतं. सोड्यात भिजवलेले धागे भाच्यानं ओढून पाहिले, तेव्हा ते अधिक जोर लावल्यावरच सुटले.

पण पकड हवी तेवढीच हवी. दणका बसला, की थोडे सरकणारे धागे घासत घासत तो पचवतात. फार घट्ट बसलेले धागे सरकतच नाहीत, आणि पत्रा एकदम तडकू शकतो.

अहवाल तीन दिवस उशिरा गेला. पहिले तुटलेले धागे त्यानं त्यातून गाळले नाहीत. त्यांच्यापुढे लिहिलं : 'या नोंदींवरून पकड कळत नाही. लांबी चुकली.' मला ते पान सगळ्यांत आवडलं.