आमच्या विवाहविधीला कायद्याचा आधार हवा

होम नाही, सप्तपदी नाही, भटजी नाही. बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर त्रिसरण-पंचशील, वधूवरांची परस्परांस वचने, पुष्पमाला, एवढ्यात आमचे लग्न पार पडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या समाजाने हा विधी अभिमानाने पाळला. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनीही तो पाळावा. परंतु याविषयी कायदा काय म्हणतो, हेही प्रत्येक मातापित्याने जाणून घेतले पाहिजे.

१९५५ चा हिंदु विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. नाव हिंदूंचे आणि बंधन आमच्यावर, ही विसंगती बोचते. पण ती तूर्त बाजूला ठेवू. त्याच्या कलम ७ प्रमाणे विवाह वधू किंवा वर यांच्या रूढीस धरून लागला पाहिजे. आणि रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली चाल. ज्यांनी जुनी रूढी बुद्धिपुरस्सर टाकली, त्यांच्याकडेच दीर्घकाळाचा दाखला मागणे हा कुठला न्याय?

हा पोथीतला वाद नव्हे. १९६५ साली महाराष्ट्रातील एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो बौद्धांचा नव्हता. पण त्यातला धडा आमच्यासाठी आहे. पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केल्याबद्दल नवऱ्यास शिक्षा झाली होती. दुसऱ्या लग्नात होम व सप्तपदी झाली नाही, त्यांवाचून लग्न लागते अशी रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून ती शिक्षा रद्द झाली. विधीतील उणिवेचा लाभ नवऱ्याला मिळाला. पहिलीची दाद वाया गेली, आणि दुसरीच्या पदरी पत्नीपदही पडले नाही.

मद्रास राज्याने यावर उपाय काढला. पेरियारांच्या चळवळीतील स्वाभिमान विवाहाचा विधी तेथील उच्च न्यायालयाने १९५३ साली अवैध ठरविला होता. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली कलम ७-अ आणले. आप्तमित्रांसमक्ष, उभयतांस समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा पतिपत्नी म्हणून स्वीकार करावा, किंवा हार वा अंगठी घालावी, किंवा ताली बांधावी. यांपैकी एक पुरे. आधीचे तसे विवाहही वैध ठरले. सप्तपदी झाली नाही म्हणून आपले दुसरे लग्न लग्नच नव्हे, हा एका नवऱ्याचा बचाव २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे फेटाळला.

जोतिरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पुरोहितावाचून लग्न लावले. त्यांच्या महाराष्ट्रात असे कलम का नसावे? विवाह हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने विधिमंडळाला अशी दुरुस्ती करता येते. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास हा प्रश्न विचारावा.

केवळ नोंदणीच्या दाखल्यावर मात्र कोणी विसंबू नये. विधीच झाला नसेल तर त्या दाखल्याने या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले. म्हणून विधी पूर्ण करावा आणि नोंदणीही करावी. ज्यांना कोणताच विधी नको, त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस तेवढी द्यावी लागते, आणि घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्यांस ती फार जाचते. विधी लावणाऱ्या भिक्खूंनी व बौद्धाचार्यांनी प्रत्येक विवाहाची तारीख, स्थळ, वचनांचा मजकूर आणि साक्षीदारांच्या सह्या विहाराच्या वहीत त्याच दिवशी उतरवाव्यात, व त्याची एक प्रत वधूच्या हाती द्यावी.