राहणार कुठे?

लग्नाआधीच्या चौकशीसाठी तरुण जोडपी माझ्यापुढे बसतात, तेव्हा शेवटी मी विचारतो, ‘राहणार कुठे?’ पंचवीस वर्षांपूर्वी उत्तर येई, ‘इथेच, फादर.’ आता येते : नालासोपारा, विरार. आणि त्यांचेच आईवडील त्याच आठवड्यात माझ्याकडे सहीसाठी अर्ज घेऊन येतात : ‘आमच्या गल्लीत उंच इमारत नको!’

ही विसंगती आपण किती काळ मिरवणार आहोत?

मुंबईच्या उपनगरांत १९९१ च्या नियमावलीने चटईक्षेत्र निर्देशांक १ ठरवला. म्हणजे भूखंड जेवढा, तेवढेच बांधकाम. २०१८ च्या नव्या नियमावलीनेही मूळ आकडा तोच ठेवला. त्यावरचे बांधकाम रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मिळते, पण अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन. म्हणजे मजले निषिद्ध नाहीत, ते विक्रीस आहेत! हा भुर्दंड अखेर बऱ्याच अंशी घर घेणाऱ्याच्याच माथी बसतो.

कोणी म्हणेल, पाणी आणि गटारे पुरतील का? आक्षेप रास्त आहे. पण निर्बंधांनी माणसे थांबली का? २०११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत आढळली. माणसे आलीच, त्यांच्यासाठी रीतसर घरे तेवढी उभी राहिली नाहीत.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला एकदमच मुभा दिली. त्यानंतर तेथील बांधकाम परवाने वाढले. परवानगी मूठभर भूखंडांनाच मिळाली, तर त्यांचे मालक भाव अडवून धरतात. ती सर्वत्र मिळाली, तर त्यांची मक्तेदारी मोडते.

म्हणून मागणी करायचीच, तर ही करू या. रेल्वे स्थानकांच्या परिसरात मूळ निर्देशांकच सर्वांसाठी उघडपणे वाढवावा. जलवाहिन्या आणि मलवाहिन्या आधी टाकाव्यात. जुन्या भाडेकरूला त्याच जागी घर द्यावे. गावठाणांतील कौलारू घरे अवश्य जपावीत. परंतु त्यांच्या आडून अवघे उपनगर राखीव करू नये.

यापुढे कोणी तसला अर्ज घेऊन आले, तर सही करण्यापूर्वी मी एवढेच विचारीन : ‘तुमचा मुलगा हल्ली कुठे राहतो?’