नेपाळची कौले

वाचकहो, ‘मानापमाना’ची पदे गुणगुणताना कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर एके काळी नेपाळात कौलांचा कारखाना काढून बसले होते, हे आपल्या ध्यानात येते का? विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. ‘केसरी’तला हा पत्रकार इतक्या दूर गेला, कौले नावाला, बेत बंदुकांचा! तो फसला. मग १९०७ साली ‘कीचकवध’ आला. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला. १९१० मध्ये बंदी आली. मला विचाराल तर ही बंदूक नेमकी लागली. पुढे ‘नवाकाळ’, १९२९ साली राजद्रोहाची शिक्षा. परीक्षेला यातले काही नसते. तरी सालेकशाच्या माझ्या वर्गात कौलारू घरांतली मुले हमखास विचारतात, “सर, कौले कशी निघाली?”